उलट्या बाजूची गाठ

एका बाजारगावात कुंदा नावाची बाई आरीकाम शिकवायची. आरी म्हणजे आकड्याची सुई, तिनं ब्लाउजवर मणी-टिकल्या भरतात. कुंदाचा नियम एकच. नक्षी पुरी झाली की कापड उलटं करायचं आणि मागची प्रत्येक गाठ नखानं खरवडून बघायची. गाठ सुटली की मुलगी पुन्हा खाली बसायची. आरीचा टाका दगाबाज असतो. शेवटची गाठ कच्ची राहिली, तर एक धागा ओढला की आख्खी ओळ उसवते.

शिकवणं तिला कधी जड गेलं नाही. जीव खाल्ला तो फोननं. फी किती, वेळ कोणती, सामान कुठं मिळतं. एका हातात घास, दुसऱ्या हातात फोन. मान आखडली, दोनदा चक्कर येऊन पडली. तेव्हा नणंदेच्या सुनेनं, मयूरीनं, फोनात एआय बसवून दिलं. ते उत्तरं द्यायचं, वेळापत्रक लावायचं, जाहिरात लिहायचं. कुंदा दुपारची घटकाभर आडवी होऊ लागली. इथवर सगळं बरं होतं.

पण मोकळा वेळ काही माणसांना टोचतो. कुंदानं फोनवरून शिकणाऱ्या ऐंशी बायका घेतल्या. ऐंशी कापडं तपासणार कोण?

"फोटो बघून हेच सांगेल," कुंदा म्हणाली.

"मामी, फोटोत मागची बाजू कशी दिसणार?" मयूरीनं विचारलं.

"तू मला आरी शिकवू नको. आधी चपाती गोल कर."

त्या ऐंशींत शेवंता होती. दुसऱ्याच्या मळ्यात खुरपायला जायची. तिच्या फोटोला उत्तर आलं, 'फार सुंदर काम, आता ऑर्डर घ्यायला हरकत नाही.' खाली कुंदाचं नाव. त्या भरवशावर शेवंतानं मजुरी सोडली आणि एका नवरीचा ब्लाउज घेतला.

बोहल्यावर करवलीची बांगडी नवरीच्या बाहीच्या धाग्यात अडकली. भरल्या मांडवात मणी अक्षतांसारखे सांडले. वऱ्हाडी हसले, नवरी रडली. त्यानंतर शेवंताला कुणी साधा फॉलसुद्धा लावायला दिला नाही.

ती ब्लाउज घेऊन कुंदाकडे आली. कुंदानं तो उलटा करून दुसऱ्या बाहीच्या गाठीला नख लावलं. गाठ लगेच सुटली.

"अगं, फास उलटा पडलाय तुझा. सगळ्याच गाठी अशा मारल्यास?"

"सगळ्याच. तुम्ही बरोबर म्हणालात ना, बाई."

कुंदा खाली बघत म्हणाली, "वर्गात ये. फुकट शिकवते."

"आता शिकून कुणाचं शिवू?" शेवंता म्हणाली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती मळ्यात खुरपत होती. कुंदाच्या फोननं त्याच दिवशी आणखी नऊ बायकांना 'फार सुंदर' म्हणून कळवलं होतं.

तात्पर्य: यंत्राला आपली दगदग द्यावी, जबाबदारी देऊ नये. ती चुकली तर यंत्राचं काही जात नाही, आपलंही फारसं जात नाही. जातं ते आपल्यावर भरवसा ठेवणाऱ्याचं.