पुरलेली शिंगं

एका गावात एक शेतकरीण आपल्या लहान मुलीसोबत राहत होती. दूरच्या एका शेतावर राहून ती बायोडायनॅमिक शेती शिकून आली. नाव एवढं अवघड, की तिची जीभ त्याला रोज ठेचकाळायची. काम मात्र सोपं होतं. मेलेल्या गाईच्या शिंगात ताजं शेण भरून कोजागरीला पुरायचं, गुढीपाडव्याला उकरायचं आणि आतलं खत पाण्यात ढवळून शेतावर शिंपडायचं.

गाव हसेल म्हणून तिने कुणाला सांगितलं नाही. भर दुपारी, सगळे जेवायला गेलेले पाहून, तिने नऊ शिंगं आपल्या शेताच्या ओढ्यालगतच्या खोलगट कोपऱ्यात पुरली. तिथे कुणाची नजर जात नसे. खड्डा भरला, म्हणून दहावं शिंग उंच बांधाकडेला पुरलं.

माघात शेजाऱ्याची म्हैस आटली. त्याच आठवड्यात ओढ्याकडचा सामाईक चर खणताना त्याच्या कुदळीला शिंग लागलं. मग दुसरं. कुदळ टाकून तो ओरडत सुटला, "करणी! बाईनं करणी केली!"

तिच्या दारासमोर माणसं जमली. हातात काठ्या. कालपर्यंत विरजण मागायला येणारी बाईसुद्धा दगड घेऊन उभी होती. शेतकरणीने कडी लावली.

"आई, ते आपल्याला मारणारेत का गं?" मुलीने विचारलं.

दार उघडलं तर काठी बसेल. नाही उघडलं तर गाव म्हणेल, पाप आहे म्हणून लपली. तिने मुलीला कणगीआड बसवलं आणि कडी काढली.

"मी शेण पुरलंय. खतासाठी," ती कशीबशी म्हणाली. कुणी ऐकेना.

तेवढ्यात म्हातारा गुराखी पुढे आला. त्याचा जन्म गुरांमागे गेला होता. "थांबा रे! शेणातलं मला कळतं."

त्याने सापडलेलं शिंग दगडावर आपटलं. आतून हिरवा लगदा पडला आणि घाण सुटली. गर्दी मागे सरली, काठ्या वर उठल्या. शेतकरणीने डोळे मिटून घेतले.

"सगळी तिथंच पुरलीस का गं पोरी?"

"एक बांधाकडेला आहे, बाबा."

ते उकरून आणलं, आपटलं. काळी भुसभुशीत माती पडली. गुराख्याने ती शेजाऱ्याच्या नाकाशी धरली. शेजाऱ्याने वास घेतला. "रानातल्या मातीचा वास येतोय की!"

"पाणथळात शेण कुजत नाही, नासतं. आपल्या बापजाद्यांनी उकिरडा कधी खोलगटात केला का? आणि तुझी म्हैस गाभण आहे, गाढवा, म्हणून आटली!" मग तो शेतकरणीकडे वळला. "एवढं शिकलीस, जागा तरी विचारायचीस."

"भ्याले होते, बाबा."

"आणि गावालाही भ्यायला लावलंस."

त्या एका शिंगाच्या मातीवर तरारलेलं तिचं पीक पाहून पुढच्या कोजागरीला गुराख्याने दाखवलेल्या उंचवट्यावर साऱ्या गावाने शिंगं पुरली. खूण म्हणून प्रत्येक शिंगापाशी एक काठी रोवली. काठ्या त्याच होत्या. शेतकरणीने त्या ओळखल्या आणि मुलीचा हात घट्ट धरला.

तात्पर्य: शेण पुरलं तर माती होते, विद्या पुरली तर तिचं भूत होतं, म्हणून नवं शिकावं, पण जुन्या जाणत्याला विचारून आणि गावादेखत करावं.