बकुळीची वरमाला

"वरमालेत तोडलेलं एक जरी फूल दिसलं, तर वऱ्हाड आल्या पावली परत जाईल!" तोरणगडच्या गंभीररावराजांनी सीमांतपूजनालाच बजावलं.

वरबापाला खोड काढायला काहीतरी लागतंच, आणि इथे वरबाप खुद्द राजा. म्हणे, तोडलेलं फूल म्हणजे आईपासून हिसकावलेलं लेकरू. ते शुभकार्यात कसं चालेल? बरं, सोन्याची किंवा कागदाची फुलंही नकोत, खरीच हवीत. नवरीचे वडील, बाळोबा इनामदार, हवालदिल झाले. वऱ्हाड मांडवातून परतलं, तर पोरीला पुन्हा कोण विचारणार?

इनामदारांच्या गावात दुर्पी नावाची पोर देवळापुढे फुलं विकायची. लग्न कुणाचंही असो, नवरीपुढे फुलं उधळत चालायचा मान तिचा. तिनं इनामदारांना निरोप धाडला, की निवांत झोपा, वरमाला मी आणते.

सकाळी मुहूर्ताला दुर्पी परातीत बकुळीचे दोन हार घेऊन हजर झाली. मांडवभर वास दरवळला. राजांनी हार निरखून पाहिले आणि ही फुलं तोडली कुणी, म्हणून दरडावलं.

"बकुळ कोण तोडतंय, महाराज? ती आपणच गळते."

म्हणजे पायदळीची फुलं युवराजांच्या गळ्यात घालायची काय, राजे कडाडले. दुर्पीनं शांतपणे सांगितलं, की पहाटेच झाडाखाली धुतलेलं लुगडं पसरलं होतं. मातीला एकही फूल लागलेलं नाही. पण हार मानतील ते राजे कसले!

"तरी गळालेलीच ती. झाडाला नकोशी झालेली."

नवरीच्या आईनं डोळ्यांना पदर लावला. ते बघून दुर्पीला राहवलं नाही.

"महाराज, आता घटकाभरानं इनामदार रडत रडत आपली लेक तुमच्या पदरात घालतील. ती काय त्यांना नकोशी झाली म्हणून? तुम्हाला तोडलेली चालत नाही, आपणहून पदरात पडलेलीही चालत नाही. मग सून तरी घरी नेणार कशी?"

राजांच्या मिशा आधी थरथरल्या, मग पोट हललं, आणि गंभीररावराजे इतके खदखदून हसले की भटजींच्या हातून अक्षता सांडल्या. त्यांनी दंडावरचा सोन्याचा बाजूबंद काढून दुर्पीच्या परातीत टाकला आणि राजवाड्याची रोजची फुलं तिच्याकडूनच येतील, असं तिथेच जाहीर केलं.

दुर्पीनं मुजरा केला. म्हणाली, "आणीन, महाराज. पण ती तोडलेली असतील हं!"

राजे पुन्हा हसत सुटले.