किल्ल्या आणि चिमूटभर मीठ

एका राज्यात मिठाची आण फार मोठी होती. चाकरीला लागणाऱ्याच्या जिभेवर राजा आपल्या हाताने चिमूटभर मीठ ठेवी. रोज तिन्हीसांजेला द्वारपाल सुभानजी गडाच्या किल्ल्या राजापुढे ठेवी आणि म्हणे, "मिठाला जागलो, महाराज." राजा हसून मान डोलावी व म्हणे, "शाबास, सुभानजी."

पुढे सेनापतिपद सुभानजीला डावलून दुसऱ्याला मिळाले. त्याच्या मनात अढी बसली. एका सांजेला त्याने कंकनाथ मांत्रिकासाठी चोरदरवाजा उघडा ठेवला, आणि वर जाऊन नेहमीचे वाक्यही बोलला! राजा हसून मान डोलावतो न डोलावतो तोच मांत्रिकाने त्याचा दगड केला आणि तिथून पळ काढला. त्या क्षणी राज्यातले सारे मीठ अळणी झाले. डोळ्यांतले पाणीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी राजसभेत एक साळुंकी येऊन ओरडू लागली, "निमकहराम! निमकहराम!"

राणीने सभेतल्या पंडितांना विचारले, "पंडितजी, हा शब्द त्या मांत्रिकासाठी का?"

"नाही, राणीसाहेब. त्याने आपले मीठ कधी खाल्लेच नाही. खाल्ल्या मिठाला जो जागत नाही, त्याला निमकहराम म्हणतात. हा शब्द घरच्यालाच लागतो."

सुभानजी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला.

साळुंकी म्हणाली, "राक्षसाच्या भुयारातला मिठाचा खडा आणा. मुक्या विहिरीचे पाणी आणा. मग ज्या हाताने दार उघडले, त्याच हाताने दोन्ही राजाच्या ओठी लावा. भरसभेत, केल्या कर्माचे नाव घेऊन."

राणी म्हणाली, "सुभानजी, तुमच्याइतके इमानी आमच्यापाशी दुसरे कोण? तुम्हीच जा."

तो गेला. राक्षसाला लोळवून खडा आणला. विहिरीत उतरून पाणी आणले. वेशीवर एका म्हातारीने त्याच्यावरून कडाकडा बोटे मोडली. "असा इमानी होणे नाही, रे बाबा!" सुभानजीला मेल्याहून मेल्यासारखे झाले. राक्षसाने खाल्ले असते तर बरे, असे त्याला वाटले.

सभा भरली. राणीने विचारले, "आता हात कुणाचा?"

सुभानजी खडा आणि पाणी घेऊन उभा होता. गप्प राहिला तर इमानी म्हणून जन्मभर त्याच्यावर फुले उधळली जाणार होती. पण समोर दगडी राजा बसला होता. पायाशी त्या सांजेच्या किल्ल्या तशाच होत्या, आणि ओठांवर ते हसू तसेच होते. ते हसू सुभानजीला बघवेना.

"हात माझा, राणीसाहेब," तो म्हणाला. "दार मी उघडले. निमकहराम तो मीच."

त्याने खडा पाण्यात भिजवून राजाच्या ओठी लावला. त्याच्या स्वतःच्या ओठांवर आसवे ओघळली, ती खारट लागली. दूर कुठेतरी कंकनाथ मिठाच्या ढेकळासारखा विरघळून गेला. राजाची अर्धी राहिलेली मान पुरती डोलली.

"शाबास, सुभानजी," राजा हसून म्हणाला.

सुभानजीने भुईला कपाळ टेकले. "नाही, महाराज. नाही जागलो."

राजाने सारे ऐकले. त्याला जीवदान दिले, किल्ल्या मात्र काढून घेतल्या. त्या दिवसापासून घरोघरी आमटीला चव आली. सुभानजीच्या ताटात मीठ वाढायला कोणी मनाई केली नव्हती. त्यानेच ते पुन्हा कधी मागितले नाही.