पाठीची माती

"माझ्या पाठीला कधी माती लागली का, वस्ताद? मग रविवारचं मैदान का अडवताय?"

बिरदेवचा आवाज तालमीत जरा जास्तच चढला. गुडघ्याचं ऑपरेशन होऊनही पैलवानाचा तोरा तसूभर उतरला नव्हता. पाठीला माती लागली तो हरला, एवढा एकच कायदा त्याला ठाऊक होता. आणि आजवर त्याची पाठ कुणी लावली नव्हती, हेही खरं.

दस्तगीर वस्तादांनी त्याच्या गुडघ्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी सगळं त्यांच्यावर सोडलं होतं. मांडीत जोर आला असेल तर लढू द्या. नसेल तर गुडघा पुन्हा जाईल, आणि मग कुस्ती जन्माची सुटेल.

"सांगितलेला व्यायाम करतोस?"

"रोज. वाळूची पिशवी बांधून पाय उचलतो."

"दाखव."

बिरदेवनं सदरा काढून फेकला. वस्ताद कुस्तीच्या मातीच्या हौद्याकडे गेले, ओल्या तांबड्या मातीची ओंजळ भरली आणि भिंतीला पाठीएवढी फासली...

बिरदेव गालात हसला. म्हातारपणाचे चाळे, दुसरं काय!

"हितं बस. भिंतीपास्नं वीतभर पुढं. पाय लांब, पाठ ताठ."

तो बसला. वस्तादांनी त्याच्या मांडीवर तळवा ठेवला.

"उचल."

पाय उचलला गेला. तळव्याखाली मांडी टणक झाली, थरथरली. बिरदेवच्या कपाळावर घाम आला. ओठ आवळून तो उचलत राहिला... आणि हळूहळू त्याचा चेहरा सैलावला. पाय आता सहज वर जात होता, पण तळव्याखालची मांडी मऊ पडली होती.

"मांडी झोपली," वस्ताद म्हणाले.

"पर पाय तर वर हाय की!"

"हाय. पाय वर हाय."

बिरदेवला राग आला. त्यानं पाय आणखी उंच नेला, पुन्हा नेला, ईर्ष्येनं नेला. वस्तादांनी मांडीवरचा हात काढून घेतला.

आता मात्र तो मनातून घाबरला. वस्ताद असा हात मध्येच काढत नसत.

"झालं न्हवं? उतरू ना रविवारी?"

वस्तादांनी भिंतीकडे पाहिलं. बाहेर कुणीतरी जोर-बैठका काढत होतं, त्याचे हुंकार तेवढे ऐकू येत होते.

"वस्ताद... बोला की."

"पाठीवरनं हात फिरव."

बिरदेवनं हात मागे नेला. पुढे आणला तेव्हा बोटं तांबडी झाली होती. त्यानं वळून पाहिलं. भिंतीवरच्या ओल्या मातीत त्याच्या रुंद पाठीचा ठसा उमटला होता. पाय उचलताना तो नकळत मागे रेलला होता; पाय मांडीनं नाही, पाठीनं उचलला होता.

तो कितीतरी वेळ त्या ठशाकडे बघत राहिला. तोरा कुठल्या कुठे गेला होता, डोळे भरून आले होते.

"कुणी पाडलं मला, वस्ताद?"

"ताठ बस. मग दिसंल."