गोजराबाईची रणपंगत

सरदार तुळाजीरावांना बसल्या जागी पेंग आली, मान पुढे कलली आणि त्यांचं भलंमोठं पागोटं धप्पकन मेजावर आदळलं. राजे भूपालसिंहांची अख्खी फौज त्याखाली गारद!

फौज मातीची होती म्हणून बरं. अंगठ्याएवढे शिपाई, काडीएवढे भाले, मातीची बैलगाडी, वाळूच्या टेकड्या, छोटीशी विहीर, निळ्या रेशमाची नदी आणि तिच्यावर इवलासा लाकडी पूल. राजांना या चिमुकल्या लढाईचं भारी वेड. दरबार आटोपला की तीन सरदारांना मेजाभोवती बसवायचं आणि प्रत्येकाला एकेक फौज वाटून द्यायची.

"तुळाजीराव!" राजे कडाडले. "माझा सेनापती तुमच्या पागोट्याखाली चेपून मेला!"

"माफी असावी, महाराज! पण आपली पाळी न्याहारीला सुरू झालीय, अजून संपायचीय!"

ते खरंच होतं. राजे आपला एकेक शिपाई उचलायचे, पुढे ठेवायचे, मान तिरकी करून बघायचे आणि परत मागे आणायचे. सगळी फौज अशी हलवून झाली की मग रायभानजींची पाळी, त्यानंतर विसोजींची. तुळाजीराव सगळ्यांत शेवटी. त्यांनी आजवर आपला एकही शिपाई हलवला नव्हता.

"मातीच्या लढाईत झोप येते काय?" राजे ताडकन उठले. "ठीक आहे! उद्या खरी फौज घेऊन नदीकाठच्या माळावर या. तिथं कोण पेंगतो ते बघतोच!"

ताकाचा घडा घेऊन दारात उभ्या असलेल्या गोजराबाईच्या काळजात धस्स झालं. ती मुदपाकखान्यातली वाढपीण. तिच्या गावाची ज्वारी त्या माळाला लागूनच होती, आणि कणसं नुकती दाण्यावर आली होती. चार फौजांचे घोडे तिथं नाचले तर कडबासुद्धा हाती लागायचा नाही! तिनं घडा मुद्दाम दाणकन खाली ठेवला.

"महाराज, लढाई झकास आहे. वाढायची रीत तेवढी चुकतेय."

"लढाई वाढतात?" विसोजी फिसकन हसले.

"पंगतीत मी महाराजांना आधी चटणीपासून ताकापर्यंत सगळं जेवू घातलं आणि मगच तुमच्या पानावर मीठ वाढलं, तर तुम्ही काय कराल?"

"उपाशी मरेन!"

"तुळाजीराव तेच करतायत!"

राजांनी मिशी पिळली. "फार शहाणी दिसतेस! मग उद्या ही लढाई तूच चालव. भात शिजायच्या आत संपली पाहिजे. कुणी पेंगायचं नाही, कुणी रुसायचं नाही. आणि ऐक, चौघंही जिंकले पाहिजेत! नाही जमलं तर परवा माळावर खरी लढाई, आणि सगळ्यांत पुढे तू, हातात पळी घेऊन!"

"जी, महाराज," गोजरा म्हणाली खरी, पण रात्रभर चुलीपुढे बसून ती कवड्या मांडून विचार करत राहिली.

सकाळी मुदपाकखान्यात भात चुलीवर चढला आणि गोजरा पदर खोचून मेजापाशी आली. आधी तिनं चौघांच्याही कानात काहीतरी कुजबुजून सांगितलं. मग म्हणाली, "एका वेळी एकानं एकच शिपाई हलवायचा. की लगेच पुढच्या पानावर! मार लागला की चुकला, ते फेकलेल्या कवड्या सांगतील. भांडायचं असेल तर कवड्यांशी भांडा."

राजांनी एक शिपाई हलवला आणि सवयीनं हात दुसऱ्याकडे गेला.

"अं हं! पहिली वाढणी सगळ्यांना होऊ द्या, महाराज!"

"अगं, मी राजा आहे!"

"पंगतीत राजालाही भाताची वाट बघावी लागते!"

राजांनी गुपचूप हात मागे घेतला. तुळाजीरावांनी जन्मात पहिल्यांदा शिपाई हलवला आणि त्या आनंदात मोठ्यांदा शीळ घातली!

मग जी धमाल उडाली! कुणाच्या कानात काय सांगितलंय हे दुसऱ्याला ठाऊक नव्हतं, त्यामुळे जो तो डोळे फाडून इतरांकडे बघत होता. पेंगायची कुणाची हिंमत? रायभानजी टेकडी चढू लागले तसे विसोजी ओरडले, "हा विहिरीवर टपलाय!" विसोजी विहिरीकडे पळाले तसे राजे किंचाळले, "पूल सांभाळा!" राजांनी पुलावर शिपायांची अशी गर्दी केली की दोन शिपाई नदीत पडले. तेवढ्यात तुळाजीरावांची मातीची बैलगाडी उथळ पाण्यातून डुलत डुलत पलीकडे गेली!

"भात झाला!" आतून हाक आली.

"हात वर!" गोजरा म्हणाली. "महाराज, तुमच्या कानात काय सांगितलं होतं?"

"पूल हातचा जाऊ द्यायचा नाही. नाहीच जाऊ दिला! मी जिंकलो!"

"मी टेकडीवर निशाण लावलं! मी जिंकलो!" रायभानजी ओरडले.

"विहीर माझी!" विसोजींनी मांडीवर थाप मारली.

"आणि माझी गाडी नदीपार!" तुळाजीराव तर खुर्चीवरच उभे राहिले.

राजे चपापले. त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं आणि मग डोळे बारीक केले. "थांब, गोजरा! लढाई झाली म्हणजे कुणीतरी हरायलाच हवं. चौघं जिंकले, तर मग हरलं कोण? सांग, नाहीतर उद्याची खरी लढाई ठरलेली!"

सरदारांचे चेहरे पडले. गोजरानं शांतपणे कवड्या गोळा केल्या.

"तीच हरली, महाराज! उद्याची लढाई! तुम्ही चौघंही जिंकून बसलात. आता हरल्याचा सूड काढायला तिथं जाणारा माणूस आणायचा कुठून?"

राजांचं पोट हललं, मिशा हलल्या आणि ते असे खदखदून हसले की मेजावरचे उरलेसुरले शिपाईही आडवे झाले!

"हरली! पार हरली!" डोळे पुसत त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून गोजराच्या हातात घातलं. "आजपासून तू या राज्याची रणवाढपीण! आणि तुळाजीराव, बघता काय? आज आमच्या रणवाढपीणबाईंना पहिलं पान मांडा, आणि भात तुम्ही वाढा!"