दुधाणेबाईंनी सोडलेलं तळं

कुणालाही लिहिता-बदलता येणाऱ्या या ऑनलाइन ज्ञानकोशात लेखाच्या नावावरून वाद पेटला की एक रीत पाळतात. आपली बाजू आधी मांडायची नाही, समोरच्याची मांडायची. 'हो, मला हेच म्हणायचं होतं' असं तो लिहीपर्यंत स्वतःच्या बाजूनं अवाक्षर काढायचं नाही. नव्या संपादकांना याचं नवल वाटतं. मग कार्यशाळेत जुनेजाणते उकिडवेकाका ही हकीकत सांगतात.

ज्ञानकोश तेव्हा नुकता बाळसं धरत होता. वत्सला दुधाणे या भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. गावच्या तळ्यावर त्यांनी तीन वर्षं खपून लेख लिहिला. दोरी सोडून खोली मोजली, पक्षी नोंदवले. लेखाचं नाव ठेवलं रायतळे. गावच्या राय सरदारांनी ते बांधवलं, असं त्या लहानपणापासून ऐकत आलेल्या.

एके दिवशी पाहतात तर नाव बदललेलं: वडारतळे. बदलणारे होते पलीकडच्या काठच्या वडारवस्तीतले तुळशीराम धोत्रे. बाईंनी नाव पूर्ववत केलं, त्यांनी पुन्हा बदललं. अकरा दिवसांत चाळीस वेळा असं झालं म्हणे. शेवटी कुणालाच बदल करता येऊ नये म्हणून लेखाला कुलूप लागलं. निवाडा करायला कोणी धजेना, कारण त्या तळ्याची बाईंइतकी माहिती कुणालाच नव्हती.

तेव्हा लेखाच्या चर्चापानावर धोत्र्यांनीच लिहिलं, "बाईंनीच ठरवावं. पण आधी माझी बाजू त्यांच्या हातून लिहिली जावी."

बाईंना तो टोमणा वाटला. तरी त्या हो म्हणाल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा पलीकडच्या वस्तीत गेल्या. धोत्र्यांच्या आईनं त्यांना तळ्याच्या बांधावर नेलं.

"हे दगड आमच्या वाडवडलांनी फोडले, त्यांनीच रचले," ती म्हणाली. "नाव तेवढं दुसऱ्याचं लागलं, बाई."

बाईंनी एसटीच्या थांब्याची पाटी पाहिली, मासे धरणाऱ्यांना विचारलं, जुनी वर्तमानपत्रं चाळली. रायतळे हे नाव दोन-तीन सरकारी कागदांत आणि त्यांच्या स्वतःच्या गावात होतं. बाकीची पंचक्रोशी वडारतळंच म्हणत होती.

त्यांनी धोत्र्यांची बाजू लिहिली. ती वाचून धोत्र्यांनी खाली एवढंच लिहिलं, "मलाही हे असं मांडता आलं नसतं."

बाईंनी निवाडा दिला: लेखाचं नाव वडारतळे, पहिल्या ओळीत रायतळेही. गावातल्या काहींनी त्यांच्याशी बोलणं टाकलं, असं सांगतात. निवाड्याखाली त्यांनी आणखी एक ओळ लिहिली: "पुढे मी लेख आपल्या बाजूला वळवला असं कुणी म्हणायला नको. यापुढे याला माझा हात लागणार नाही."

पक्ष्यांची यादी अर्धीच झाली होती. बाकीचे पक्षी बाईंच्या वहीत होते, ते तिथंच राहिले.

आजही त्या लेखातल्या बदलांचा इतिहास उघडावा. पहिल्या दोनशे बारा नोंदींत जागोजाग बाईंचं नाव दिसतं. त्यानंतर एकदाही नाही.