कुवलयेची समाधी

एका राज्यात मेलेल्या गायकाचा जेवढा मान होई, तेवढा जिवंत राजाचाही होत नसे. गायक गेला की मोठा नगारा वाजे, बाजार बंद पडे आणि ज्यांनी त्याचं एक पद कधी पुरतं ऐकलं नाही, तेच लोक ऊर बडवून रडत. जिवंत गायकासमोर मात्र सगळ्यांना घरची कामं आठवत.

त्या नगरीत कुवलया नावाची गायिका होती. नवं पद रचायला ती डोंगरात गेली होती. परतताना नाव उलटली. ती पोहून काठाला लागली, पण ती बुडाल्याची बातमी नगरात आधी पोचली. ती वेशीशी आली, तो जिकडेतिकडे तिचीच पदं चाललेली. माळीण गात होती, पहारेकरी गात होते. कुवलयेचे डोळे भरून आले. चौकात उभी राहून ती म्हणाली, "मी आले."

गाणं जागच्या जागी थांबलं. लोकांचे चेहरे पडले. तिची सखी मंदारिका शोकानं अन्नपाणी सोडून बसली होती. ती हळूच म्हणाली, "आता कशाला आलीस गं? किती छान चाललं होतं." 

राजा विजयध्वज दुष्ट नव्हता, आणि भय वाटावं ते याचंच. त्यानं तिला दरबारात बोलावून आदरानं आसन दिलं. मग म्हणाला, "समाधी बांधून तयार आहे. उद्या सूर्योदयी आपण आत जावं. प्रजेचं मन मोडू नये."

कुवलया सुन्न होऊन त्या समाधीपाशी गेली. कळसावर एक साळुंकी बसली होती. तिनं सांगितलं, की या राजाच्या पणज्यानं एका मांत्रिकाचं गाणं चालू असताना जांभई दिली. या राज्यात जिवंत गळ्याला कान मिळणार नाहीत, असा मांत्रिकानं शाप दिला.

"उःशाप?" कुवलयेनं विचारलं.

"आपल्या पायांनी आपल्या समाधीत जा. कुणी न ऐकलेलं पद तिथं गा. आणि तू जिवंत असताना कुणीतरी तुला 'पुढे?' असं विचारलं पाहिजे. हे तिसरं अजून कुणाला साधलेलं नाही."

सूर्योदयी ती आत गेली, शिळा लागली. बाहेर रडारड सुरू झाली. कुवलयेनं डोंगरातलं पद आळवायला घेतलं. मेलेलीच गाते आहे असं वाटून लोक चिडीचूप झाले. शेवटचं कडवं आलं. गळा शिवशिवत होता, तरी तिनं तोंड मिटलं. ते कडवं तिच्यावाचून जगात कुणालाच ठाऊक नव्हतं.

बाहेर चुळबुळ झाली. लोक एकमेकांकडे शेवटचं कडवं मागू लागले, पण कुणालाच ते येईना. अखेर राजानं शिळेला कान लावला.

"पुढे?" तो म्हणाला, आणि आपल्याच शब्दानं दचकला.

नगारा मधोमध फाटला. राजानं स्वतः शिळा ढकलली. कुवलया उन्हात आली, तिनं शेवटचं कडवं म्हटलं, आणि एकही माणूस जागचा हलला नाही. पुढे त्या समाधीचा गायकांसाठी कट्टा झाला.

मंदारिकेनं डोळे पुसले आणि पद पहिल्यापासून म्हणायला सांगितलं.

"म्हणते," कुवलया म्हणाली, "आधी दोघी जेवू."

त्या जेवल्या, पद पुन्हा झालं, आणि गोष्टही पुरी झाली.